सुई जुनी, भाव नवा

नमस्कार मंडळी. अध्यक्षभाऊंनी रेकॉर्ड ऐकणारा माणूस म्हणून ओळख करून दिली, पण आज मी ऐकण्याबद्दल नाही, खरेदीबद्दल बोलणार आहे, कारण गावातली तीन-चार पोरं मोबाइलवर जुन्या टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचं, भारी सामान पाहून राहिली आहेत अन् भाव पाहून पाघळूनही राहिली आहेत.

सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना आपण रंग नाही पाहत, टायर पाहतो. इथंही तसंच. निव्वळ धातूचं सामान, म्हणजे मशीनच्या हाताच्या टोकाला सुईचा ठोकळा धरणारं हेडशेल, रेकॉर्डवर ठेवायचं वजन, रेकॉर्ड दाबून धरणारा क्लॅम्प, हे वीस वर्षं जुनं असलं तरी बिनधास्त घ्या. एसएमई पद्धतीचं चार पिनांचं हेडशेल टेक्निक्स एसएल-१२०० ला बसते, आणखी कितीतरी मशीनला बसते. टोनआर्म, म्हणजे मशीनचा तो हात, घ्यायचा तर बेअरिंग ढिलं आहे का ते हातात घेतल्याबिगर कळत नाही, तिथं फोटोवर जाऊ नका, एसटीनं नागपूरला जाऊन पाहून या.

खरा घोळ कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या त्या छोट्या ठोकळ्याचा. सुईच्या दांडीमागं रबराचा बारीक तुकडा असतो अन् रबर वापरलं नाही तरी वयानं कडक होते, त्यात आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्रीत पार्सल कुरियरच्या गाडीत पडून! म्हणून "डब्यातून काढलाच नाही" हे ऐकून खूश होऊ नका बाप्पा, तीस वर्षं डब्यात म्हणजे तीस वर्षांचं रबर.

कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईसोबत चुंबक हलणारं, असेल तर सुई वेगळी निघते, नवी लावता येते, तेव्हा भाव फक्त बॉडीचा द्या. ऑर्टोफोन कंपनीच्या २एम रेड अन् २एम ब्लू या कार्ट्रिजची बॉडी एकच, रेडवर ब्लूची सुई चढवली की झालं ब्लू, मग ब्लूच्या नावाखाली घासलेल्या सुईला जास्त पैसे काऊन द्यायचे? शुअर कंपनीनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, आता त्यांची ओरिजिनल सुई म्हणून जे विकतात त्यात नकली किती ते विचारू नका. त्यापेक्षा जपानच्या जिको कंपनीची सुई परवडली, ती निदान स्वतःच्या नावानं विकली जाते.

मूव्हिंग कॉइलची, म्हणजे सुईसोबत तारेचं वेटोळं हलते त्या कार्ट्रिजची, गोष्ट अलग. डेनॉन डीएल-१०३ घ्या, १९६२ पासूनचं मॉडेल, अजून नवं मिळते. त्याची सुई आपल्या हातानं बदलता येत नाही, कारागिराकडून रिटिप, म्हणजे नवं टोक बसवून, घ्यावं लागते, अन् आउटपुट ०.३ मिलीव्होल्ट, म्हणजे नुसत्या साध्या फोनो इनपुटवर, रेकॉर्ड मशीनची वायर लावायच्या जागी, आवाज दबून येते, सिग्नल वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर नाहीतर वेगळा अॅम्प पाहिजे. तो खर्च आधी धरा, मग भाव करा.

विकणाऱ्याला सुईचा समोरून अन् बाजूनं जवळचा फोटो मागा, दांडी वाकडी नको. मूव्हिंग मॅग्नेट असला तर मल्टिमीटरनं दोन्ही चॅनलचा रेझिस्टन्स मोजायला सांगा, आपल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडंही मीटर असते. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला पाहिजे, एका बाजूला काहीच नाही आलं तर कॉइल तुटली. जो आढेवेढे घेते त्याला रामराम. जपानी लिलावात "जंक" लिहिलं असलं की वस्तू तपासलेली नाही असं धरायचं. अन् तिकडचा फोनो अॅम्प १०० व्होल्टचा असते, आपल्या २३० वर लावला तर धूर निघाल.

सुई रेकॉर्डवर किती वजनानं टेकते ते मोजायचा डिजिटल काटा मात्र नवाच घ्या, स्वस्त मिळते. त्याची प्लेट लोखंडी नको, कार्ट्रिजचा चुंबक तिला ओढते अन् आकडा खोटा येते. कापूस घरात पडला असला की सुईवर रुई जमते, म्हणून ब्रशही घेऊन ठेवा.

मागच्या बाकावरून भाऊ विचारून राहिले, आज्याच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी याच सुईवर लावू का. नाही भाऊ. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, लाखेच्या, म्हणजे ७८ स्पीडच्या, रेकॉर्डीला ६५ च्या आसपास लागते, बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन खरखर वाजवते अन् स्वतःही घासते. वेगळी सुई घ्या, अन् त्याआधी मशीनला ७८ ची स्पीड आहे का ते पाहा, लय मशीनला नसते.