रिसेप्शनसाठी घरचा फोटो बूथ: तीन साड्या, एक फ्लॅश आणि २१६ प्रिंट

(कॅमेऱ्यासमोर. मागे साड्यांचा पडदा, बाजूला प्रिंटर.)

नमस्कार मंडळी! रिसेप्शनला स्टेजवर जोडीबरोबर फोटो निघतो, पण तो पाहुण्याच्या हातात सहसा पडत नाही. फोटो बूथवरचा फोटो तिथल्या तिथे हातात येतो, म्हणून लोक त्यासाठी रांग लावतात. असा बूथ घरच्या चार जणांनी, बऱ्याचशा घरच्याच सामानात कसा उभा करायचा, ते आज मापांसकट सांगते.

एक गोष्ट आधीच मनात धरा. बूथ बिघडतो कारण दर फोटोला काहीतरी बदलतं. माणसं पुढेमागे उभी राहतात, फोकस भलतीकडे जातो, हॉलचे जांभळे दिवे गालावर येतात. त्यामुळे जे जे हलू शकतं ते पाहुणे यायच्या आत घट्ट करून टाकायचं. कॅमेरा कुठला, हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात जागेपासून. १० फूट रुंद आणि १२ फूट खोल एवढी जागा हॉलवाल्याकडून आधीच मागून घ्या. ती कुठे हवी? स्टेजवरून उतरून लोक जेवायला जातात त्या वाटेच्या कडेला, पण वाटेत नाही. आहेर देऊन झालेला असतो, हात मोकळे असतात, चेहऱ्यावर हसू असतं. जेवणानंतर तोच माणूस लोकलची वेळ बघत असतो. बुफेच्या काउंटरजवळ मांडू नका. तिथला तेलकट धूर लेन्सवर बसतो आणि चिकट हातांनी लोक फोटोचा कागद धरतात. एसीच्या झोताखालीही नको, पडदा सारखा फडफडत राहतो.

आता पडदा. इथे बहुतेकांचं माप चुकतं, म्हणून जरा थांबू या.

(जमिनीवर खडूने आखून दाखवा.)

समजा तुमच्याकडे साधा डीएसएलआर आहे, एपीएस-सी म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा, आणि लेन्स २४ मिलिमीटरवर ठेवली आहे. या लेन्सला जेवढं अंतर जवळपास तेवढीच रुंदी दिसते, किंचित कमी. माणसं कॅमेऱ्यापासून ७ फुटांवर उभी केली, तर साधारण साडेसहा फूट रुंदी मिळते, पाच-सहा जण नीट मावतात. पण पडदा माणसांच्या मागे आणखी २ फुटांवर असतो, म्हणजे कॅमेऱ्यापासून ९ फुटांवर. तिथे फ्रेम जवळपास साडेआठ फुटांची होते. बाजारातला ८ फुटी पडदा आणलात की दोन्ही कडांना हॉलच्या खुर्च्या दिसतात. म्हणून पडदा १० फुटांचाच हवा. आणि जागा वाचवायला लेन्स १८ वर नेऊन माणसं जवळ आणू नका. कडेच्या माणसांचे चेहरे आणि दंड ताणल्यासारखे रुंद दिसतात, आणि कडेला नेमक्या मावश्या उभ्या असतात.

कापड घ्यायचंच असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये जा. पण त्याआधी घरचं कपाट उघडा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची, पन्हा ४५ इंच. पायांवर आडव्या बसवलेल्या पाइपवर ती मधोमध टाकली की पुढे आणि मागे पावणेतीन मीटर, म्हणजे ९-९ फूट येते. पाइप ८ फुटांवर असेल तर खाली फूटभर कापड जमिनीवर सुंदर पसरतं. वर दुहेरी पदर झाल्यामुळे मागचं काही आरपार दिसत नाही. अशा तीन साड्या शेजारी शेजारी टाकल्या, दोन्ही जोडांवर सहा-सात इंच एकमेकींवर चढवल्या, की १० फूट भरतात. जोड डावीकडच्या आणि उजवीकडच्या तिसऱ्या हिश्शावर येतात, त्यामुळे मधे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातून काठ उगवल्यासारखा दिसत नाही.

साड्या सुती किंवा मंद चकाकीच्या निवडा. सॅटिन आणि भरगच्च जरीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो. टाचणी अजिबात लावू नका, रेशीम विरतं. कपड्यांचे रुंद चिमटे वापरा, ते मागच्या बाजूने. आदल्या दिवशी इस्त्री करून साड्या घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्या, नाहीतर घड्यांच्या चौकटी प्रत्येक फोटोत दिसतात. आजीची साडी लावली असेल तर आजीला पहिल्या फोटोला उभं करा, हे मात्र आवर्जून करा.

पाइप १० फुटी आणि धातूचा घ्या. पीव्हीसीचा बारीक पाइप तीन साड्यांच्या वजनाने मधे झुकतो. पीव्हीसीच हाताशी असेल तर मधे तिसरा पाय द्या. प्रत्येक पायाला पाच लिटर पाण्याचा भरलेला कॅन सुतळीने बांधा, पाच किलो वजन फुकटात मिळतं. रिसेप्शन मरीन ड्राइव्हच्या एखाद्या जिमखान्याच्या हिरवळीवर असेल तर कॅन दुप्पट करा आणि मागून दोरीने ताण द्या. समुद्रावरचा वारा या पडद्याला शीड समजतो.

(उजेडाकडे वळा. छत्री उघडून दाखवा.)

उजेड. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. एक साधा मॅन्युअल फ्लॅश, ४० इंची पांढरी छत्री, एक स्टँड आणि कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा ट्रिगर. फोर्टातल्या बोरा बाजारात फोटोग्राफीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे हे सगळं हाताळून घेता येतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की दिवा एका बाजूला, ४५ अंशांवर ठेवा. एका माणसासाठी ते बरोबर आहे. पाच जण ओळीत उभे राहिले की पहिला पांढराफटक आणि पाचवा काळोखात. बूथसाठी छत्री कॅमेऱ्याच्या अगदी वर, सात फूट उंचीवर, किंचित खाली झुकलेली ठेवा. चष्म्यात चमक दिसली तर आणखी अर्धा फूट वर घ्या.

कॅमेरा पूर्ण मॅन्युअल मोडवर: शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ ४००, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर. फ्लॅश १/४ पॉवरपासून सुरू करा आणि चाचणीचे फोटो बघून थोडा कमीजास्त करा. या सेटिंगला हॉलचे रंगीत दिवे फोटोत जवळपास येतच नाहीत, चेहऱ्यावर फक्त तुमचाच उजेड राहतो. फ्लॅश पूर्ण पॉवरवर ठेवू नका. त्याला पुन्हा भरायला काही सेकंद लागतात, आणि लागोपाठ चार फोटोंत तिसरा-चौथा काळा निघतो. रिचार्जेबल सेलचा एक संच रात्रभर पुरावा, तरी दुसरा खिशात असू द्या.

फ्लॅश नको, एलईडी पॅनल लावतो म्हणाल, तरी चालेल. मग शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि भलत्या शटरला फोटोत आडवे पट्टे येतात.

फोकस. जमिनीवर ७ फुटांवर रंगीत टेपची पट्टी मारा. त्या पट्टीवर कुणाला तरी उभं करून चेहऱ्यावर फोकस घ्या, लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि फोकसच्या रिंगला टेप चिकटवून टाका. एफ ८ ला साधारण पाच फुटांपासून पार पडद्यापर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे पट्टीवरून कुणी पाऊलभर सरकलं तरी बिघडत नाही. ऑटोफोकसवर भरवसा ठेवलात तर मंद उजेडात लेन्स पुढेमागे धडपडत राहते, काउंटडाउन संपतो आणि फोटो निघत नाही.

कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ बंद करा. बॅटरीच्या जागी बसणारा, थेट प्लगला जोडायचा अडॅप्टर मिळतो, तो घ्या. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू चित्र, तीन तास चालू राहिला तर एक बॅटरी पुरत नाही. आणि एक छोटी गोष्ट, जी भल्याभल्यांना अडवते: लाइव्ह व्ह्यूमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो जसा निघेल तसाच उजेड स्क्रीनवर दाखवण्याची सोय) चालू असेल तर स्क्रीन काळीकुट्ट दिसते, कारण फ्लॅश अजून पडलेलाच नसतो. ते बंद केलं की लोक स्वतःला दिसू लागतात.

कॅमेरा यूएसबीने लॅपटॉपला. केबल तीन मीटरच्या आतली, आणि ट्रायपॉडच्या पायाला टेपने दोन ठिकाणी बांधलेली. पोरं केबलला अडखळतातच. लॅपटॉपवर डीएसएलआरबूथसारखं सॉफ्टवेअर काउंटडाउन, चार फोटो, मांडणी आणि प्रिंट हे सगळं स्वतः करतं. स्क्रीनवरचं चित्र आरशासारखं उलटं ठेवा, नाहीतर डावीकडे सरकायचं असलेला माणूस उजवीकडे सरकतो. स्क्रीन लेन्सच्या अगदी खाली चिकटून हवी. चार बोटांचंही अंतर राहिलं तर सगळ्यांच्या नजरा खाली झुकलेल्या येतात. लेन्सभोवती लाल कागदाची कडी चिकटवा आणि वर लिहा, "इकडे बघा". लॅपटॉपचं स्लीप, अपडेट आणि नोटिफिकेशन बंद. वराकडच्या काकांसमोर स्क्रीनवर कुणाचा तरी मेसेज उघडायला नको.

(प्रिंटर जवळून दाखवा. कागद आत-बाहेर होताना पूर्ण घ्या.)

आता सगळ्यात गंमतीचं यंत्र. कॅनन सेल्फी सीपी१५००, किंवा त्याच जातीचा कुठलाही डाय-सब्लिमेशन प्रिंटर. हा शाई फवारत नाही, रंगाची पट्टी तापवून रंग कागदात उतरवतो. बघा, कागद पहिल्यांदा बाहेर आला, फक्त पिवळा, हळद लावल्यासारखा. आत गेला, आता गुलाबी चढला. तिसऱ्या फेरीत निळा आला आणि चेहरा एकदम जिवंत झाला. चौथ्या फेरीत वर पारदर्शक लेप. सगळं मिळून साधारण ४१ सेकंद. या चार फेऱ्यांत कागद प्रिंटरच्या मागूनही बाहेर डोकावतो, म्हणून मागे सहा-सात इंच जागा मोकळी ठेवा. भिंतीला टेकवला की कागद अडकतो. आणि पिवळा कागद बाहेर दिसला की कुणीतरी "आला, आला!" म्हणत ओढतंच. तो प्रिंट वाया, शिवाय यंत्रही अडतं. प्रिंटर पाहुण्यांच्या हाताला लागणार नाही असा, टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा.

आता हिशेब. एका गटाला यायला, चार फोटो द्यायला आणि निघायला साधारण दीड मिनिट लागतं. दोन कागद छापायला ८२ सेकंद. म्हणजे एका गटाला दोनच कागद, त्याहून जास्त दिलेत तर रांग प्रिंटरपाशी तुंबते. यावर चांगला उपाय असा की चार फोटोंची एक उभी पट्टी करून तीच एका कागदावर शेजारी शेजारी दोनदा छापा आणि मधोमध कापा. दोन कागदांत चार पट्ट्या होतात: तीन पाहुण्यांना, एक जोडीच्या वहीत. कापायला छोटा पेपर ट्रिमर घ्या, कात्रीने रेघ वाकडी जाते. कागदाच्या दोन टोकांना फाडून काढायच्या पट्ट्या असतात, त्या आधी काढा, मग कापा.

सात ते दहा या वेळात शंभरएक गट होतील असं धरा. कागद आणि शाईचे, १०८ प्रिंटचे दोन संच म्हणजे २१६. प्रत्येक संचात ३६ प्रिंटच्या तीन शाईपट्ट्या असतात आणि ट्रेमध्ये एका वेळी १८ कागद बसतात. म्हणजे रात्रीत बारा वेळा ट्रे भरायचा आहे. घरीच १८-१८ च्या गड्ड्या करून स्वच्छ पिशव्यांत ठेवा. अठरापेक्षा जास्त कोंबलेत तर दोन कागद एकदम ओढले जातात. चकचकीत बाजू वर, आणि तिला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण जिथे असेल तिथे रंग बसत नाही, पांढरा ठिपका राहतो. सलग छापताना प्रिंटर तापून थोडा वेळ थांबला तर घाबरू नका, निवला की स्वतःच पुढे जातो.

वीज फार लागत नाही. लॅपटॉप, प्रिंटर, स्क्रीन, कॅमेऱ्याचा अडॅप्टर, एलईडी लावला तर तोही, सगळं मिळून चारशे वॉटच्या आत. साधा ६ अँपियरचा प्लग पुरतो. फक्त डीजे किंवा कॉफी मशीनच्या बोर्डावर जोडू नका. हॉलची वीज जनरेटरवर जाताना क्षणभर जाते आणि तेवढ्यात अर्धा छापलेला कागद फुकट जातो. प्रिंटर ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर ठेवा. वायरींवर जमिनीला चिकटवून रुंद टेप मारा, नऊवारीचा घोळ आणि लोंबती वायर यांची गाठ पडू देऊ नका.

फलक आणि फेटे. फलक ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलक्या, ताठ फोमच्या पाटीवर) छापून घ्या आणि लॅमिनेशन मॅटच सांगा. चकचकीत केलंत तर फ्लॅशने अक्षरंच पुसली जातात. पांढऱ्याऐवजी फिका बदामी रंग घ्या, पांढरा फलक चेहऱ्यापेक्षा जास्त उजळतो. मजकूर आपला, मराठीत: "मुलीकडचे", "मुलाकडचे", "पुढचा नंबर माझा", "आईस्क्रीम कुठे आहे?" काडी जाड आणि बोथट टोकाची. तयार फेटे तीन, नथी चापाच्या, पाच-सहा जास्तीच्या, कारण त्या हरवतात. मुंडावळ्या मात्र ठेवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. एक खुर्ची ठेवा, आजी-आजोबांसाठी, तीही टेपच्या पट्टीवर.

बूथवर दोन माणसं हवीत, करवलीला किंवा सख्ख्या भावाला उभं करू नका, त्यांना स्टेजवर सारखं बोलावतात. एकाने गट उभे करायचे, दुसऱ्याने कागद आणि कापणं. तासाने जोडी बदला, त्यांनाही जेवू द्या. वहीत पट्टी चिकटवून शेजारच्या पानावर शुभेच्छा लिहून घ्या. फोटोवर जेल पेन टिकत नाही, हात लागला की फिस्कटतं.

फोटो फोनवर लगेच पाठवायची सोय लोक मागतील. बऱ्याच हॉलमध्ये, तळमजल्याखाली तर नक्कीच, मोबाइलची रेंज बेताची असते, म्हणून छपाई इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. फोटो दुसऱ्या दिवशी पाठवा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दर्जा उतरत नाही. लहान मुलांचे फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा.

साडेनऊला रांगेच्या शेवटी एकाला उभं करून पुढचा गट थांबवा, कारण दहाला हॉल रिकामा करायचा असतो. लॅपटॉप बंद करण्यापूर्वी सगळे फोटो एका पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो वधूच्या आईकडे द्या. कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. साड्या उलगडताना आधी सगळे चिमटे मोजून काढा, मग पाइप खाली घ्या. एखादा चिमटा विसरला आणि साडी ओढली गेली, तर काठ तिथेच उसवतो.