चारचौघांसारखं नाही, मग काय बिघडलं?

नमस्कार मंडळी. आज आधी दोन माणसं तुमच्यासमोर उभी करतो, नावं नाहीत, नावांची गरजही नाही. पहिला माणूस रेल्वेची जुनी वेळापत्रकं जमवतो, म्हणजे पार रद्द झालेली, कपाटं भरलीत घरात, सुट्टीच्या दिवशी त्यातलं एखादं काढतो आणि तासन् तास वाचत बसतो, बंद पडलेल्या गाडीने मनातल्या मनात फिरून येतो. दुसरी एक बाई. नीटनेटकी, ऑफिसात हुशार म्हणून नाव, बोलायला एकदम मोकळी. फक्त सकाळी घरातून निघताना कुलूप ओढून बघते. जिना उतरते, परत वर येते, परत ओढते, परत उतरते.

यातलं ॲबनॉर्मल कोण? बहुतेकांचं बोट वेळापत्रकवाल्याकडे जातं, मी शिकवायला लागल्यापासून दरवर्षी हेच बघतोय. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला अपसामान्य वर्तन म्हणतात, भारदस्त शब्द आहे, घरात कोणी वापरत नाही, आपण सरळ "डोकं ठिकाणावर नाही" म्हणून मोकळे होतो.

आता नॉर्मल कशाला म्हणायचं, यावर मानसशास्त्रात बरीच डोकेफोड झालीय. एक सोपा मार्ग म्हणजे मोजणी, जे थोड्या लोकांत दिसतं ते अपसामान्य. ऐकायला ठीक वाटतं, पण मग बुद्ध्यंक 70 च्या खाली असणारे जितके थोडे तितकेच 130 च्या वर असणारेही थोडेच, आणि 130 वाल्याला कोणी उपचाराला नेत नाही, उलट शेजारीपाजारी त्याचे दाखले देतात. म्हणजे नुसतं दुर्मिळ असणं कामाचं नाही.

दुसरा मार्ग समाजाच्या रीतीचा, लोक वागतात तसं जो वागत नाही तो बिघडलेला. हा मार्ग मला तरी धोक्याचा वाटतो, आणि का ते इतिहासच सांगतो. 1851 साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक आजार चिकटवला, ड्रेपेटोमेनिया, म्हणजे पळून जाण्याचं वेड! माणसाला साखळी नको वाटते हा म्हणे रोग. आणि फार लांबचं कशाला, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आपल्या आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं ते 1973 मध्ये, तोवर ठणठणीत माणसांवर सुद्धा शिक्का बसत होता. रीत बदलली की आजार गायब, असं असेल तर तो आजार कुणाचा होता, हे तुम्हीच सांगा.

मग तिसरा मार्ग येतो, आजचा विषय तोच. हा विचारतो की बाबा, रोजचं निभतंय का? सकाळी उठणं, अंघोळ, जेवण, कामावर जाणं, पैशाचा हिशेब, घरातल्यांशी दोन शब्द नीट बोलणं, हे जे आपण न बोलता उरकतो ते उरकेनासं झालंय का? डेव्हिड रोझेनहान आणि मार्टिन सेलिगमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये याची सात लक्षणं मांडली. सातही वाचून दाखवत नाही, परीक्षा नाहीये ही. पण पहिलं आहे यातना, माणूस स्वतः आतून किती सोसतोय. दुसरं, त्याचं वागणं त्याच्याच पायात येतंय का, म्हणजे त्याला जे हवंय, नोकरी म्हणा, माणसं म्हणा, तेच त्या वागण्यामुळे हातचं जातंय का. आणि एक लक्षण आहे बघणाऱ्याला होणारा त्रास. यावर मी नेहमी अडतो, कारण बघणारा कोण त्यावर सगळं ठरतं, काही लोकांना दुसऱ्याच्या केसांचा सुद्धा त्रास होतो. या दोघांनी पण एका लक्षणावरून निकाल लावा असं म्हटलेलं नाही, जितकी जास्त लक्षणं एकत्र दिसतील तितका संशय पक्का, असं ते आहे.

रोजचं न निभणं म्हणजे नेमकं काय असतं ते मी स्वतःवरून सांगतो. आई गेली त्यानंतरची गोष्ट. मी कामावर जात होतो, तास घेत होतो, विद्यार्थ्यांना काही कळलंही नसेल. पण घरी आलेली पाकिटं मी उघडत नव्हतो. बँकेची, विजेची, कुठलीही. टेबलावर ठेवायचो, मग त्यावर वर्तमानपत्र ठेवायचो, म्हणजे दिसायला नको. मग तो ढीग एका पिशवीत भरला आणि पिशवी दाराच्या मागे. वीज तोडायला माणूस आला तेव्हा बँकेत पैसे होते हो माझ्या! पाकीट फाडायला लागतात किती, दोन सेकंद, ते दोन सेकंद माझ्या हातून होत नव्हते. आळस म्हणाल तर आळशी माणसाला पिशवी दाराआड लपवायचे कष्ट झेपत नाहीत. शेवटी बहीण आली, जमिनीवर बसली आणि एकेक पाकीट फाडून मला नुसते आकडे वाचून दाखवले, तिथून गाडी हळूहळू रुळावर आली. आता मला आजार होता का? माझ्या मते नव्हता, दुःख होतं, आणि दुःखात माणसाची घडी विस्कटते, ते अपेक्षितच असतं. म्हणून तज्ज्ञ लोक किती दिवस चाललंय आणि त्याआधी काय घडलं हेही विचारतात.

याचं मोजमाप करायचेही प्रयत्न झाले. अमेरिकन डॉक्टर बरीच वर्षं 1 ते 100 ची एक पट्टी वापरायचे, नव्वदीच्या पुढे असाल तर मस्त चाललंय, आणि अगदी तळाच्या दहात स्वतःची किमान स्वच्छताही राखता न येणारा माणूस. 2013 मध्ये त्यांनी ही पट्टी सोडली, कारण त्रास किती आणि काम किती अडलंय हे दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं जायचं. त्याजागी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली सुचवली, 36 प्रश्न, सगळे गेल्या 30 दिवसांचे. प्रश्न किती साधे बघा, अंघोळ करायला किती जड गेलं, कपडे घालायला, अनोळखी माणसाशी बोलायला, मैत्री टिकवायला. आवाज ऐकू येतात का, असलं काही त्यात नाही. मला हे फार आवडतं, कारण कुठल्याही भाषेत, कुठल्याही घरात हे प्रश्न विचारता येतात आणि समोरच्याला वेड्यात काढल्यासारखं वाटत नाही.

पण हा मार्ग सुद्धा सगळीकडे पुरा पडत नाही, हे लपवून चालणार नाही. इंग्लंडमधला डॉक्टर हॅरोल्ड शिपमन घ्या. दवाखाना चालवायचा, संसार होता, पेशंटचा विश्वास होता, रोजचं निभवण्यात शंभर पैकी शंभर. 2002 च्या चौकशीत निघालं की याने आपलेच 215 पेशंट मारले. म्हणजे दिवस नीट चालला म्हणून माणूस नीट, असं नाही. आणि उलटंही होतं. कुणाला नोकरी नाही, अंघोळ रोज होत नाही, पण कारण एवढंच की डोक्यावर छप्पर नाही, तिथे मनाला दोष देणं म्हणजे भलत्याच ठिकाणी मलम लावणं. काही जण तर मुद्दाम चाकोरी सोडतात, डोंगरात एकटे राहतात, महिनोन् महिने कुणाशी बोलत नाहीत आणि मजेत असतात. निभत नाही आणि निभवायचंच नाही, यात फरक आहे, आणि बाहेरून बघताना तो पटकन दिसत नाही, विचारावं लागतं.

तर आपली ती दोन माणसं. वेळापत्रकवाला सोमवारी वेळेवर कामावर असतो, झोप चांगली, मित्र आहेत, तेही त्याच्यासारखेच वेळापत्रकवाले, बायको वैतागते पण कपाटांवर, त्याच्यावर नाही. त्याला छंद आहे, बस. बाईचं मात्र मी थोडं अजून सांगतो. तिच्या तपासणीत कुलूप का ओढता हे नंतर आलं, आधी विचारलं की यात रोजचा वेळ किती जातो. दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ अशा गोष्टीत जात असेल तर ओसीडीच्या, म्हणजे नको असलेला विचार किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, निदानात ते धरतात. ती म्हणाली, दहा मिनिटं असतील. मग तिला आठवडाभर घड्याळ लावून लिहायला सांगितलं. ती वही घेऊन आली तेव्हा सोमवारी सव्वा तास होता, गुरुवारी दोन तास, आणि शुक्रवारच्या पानावर आकडा नव्हताच, कारण त्या दिवशी ती घराबाहेर पडलीच नव्हती.