गावात आरोग्याचं काम करायचंय? आधी बीपीचा पट्टा नीट बांधायला शिका

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय ते खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात गावपातळीवर आरोग्याचं काम करू पाहणाऱ्यांशी. युवक मंडळातली पोरं, महिला संघातल्या बायका, रिटायर झालेले मास्तर, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, सगळ्यांनीच ऐका.

शिबिर घेणं सोपं असतं. मंडप, चार टेबलं, दोन मशिनं, डॉक्टरांचा हार-नारळ, झालं. कठीण काय आहे, तर ज्याचा बीपी वाढलेला निघाला त्याच्या दारात पंधरा दिवसांनी परत जाऊन विचारणं, "काका, दवाखान्याला गेला होता काय? गोळी सुरू झाली काय?" ही दुसरी फेरी होत नसेल, तर पहिल्या दिवशी तपासलेल्या माणसाला तुमचा काही उपयोग झाला नाही. म्हणून आज जे काही सांगणार आहे, ते सगळं त्या दुसऱ्या फेरीसाठी.

सुरुवात कुठून करायची? आशाताईंकडून. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते, आणि कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुणाची गोळी चालू आहे, कोण गाव सोडून पुण्याला गेलंय, हे तिच्या वहीत असतं. तुम्ही तिला न विचारता वेगळी यादी करायला लागलात, तर एका माणसाला दोन ठिकाणांहून दोन सल्ले मिळतात आणि तो दोन्ही सोडून देतो. उपकेंद्रात सिस्टर असतात, आता बऱ्याच ठिकाणी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. त्यांना भेटा, "आम्ही चौघं आहोत, शनिवारी-रविवारी मोकळे असतो, कुठला वाडा सुटतोय?" असं विचारा. काम आपोआप पुढं येतं.

आता बीपी.

(पट्टा कॅमेऱ्यासमोर धरून)

हा पट्टा बघा. याच्या आत एक रबरी पिशवी आहे, ती फुगते. या पिशवीनं दंडाचा घेर साधारण ऐंशी टक्के वेढला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डिजिटल मशिनांचा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्यावर लिहिलेलंच असतं, वाचून घ्या. शिंप्याची टेप जवळ ठेवा. दंड 32 च्या वर गेला तर मोठा पट्टा लागतो. जाड दंडावर छोटा पट्टा ओढून-ताणून बांधला, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि धडधाकट माणूस घाबरून घरी जातो.

माणसाला आधी पाच मिनिटं नुसतं बसवा. खुर्चीला पाठ टेकलेली हवी, पावलं जमिनीवर सपाट हवीत, मांडी घातलेली नको, पायावर पाय नको. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू, मिश्री काहीही झालेलं नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे; लघवी दाबून बसलेल्या माणसाचा बीपीसुद्धा वर जातो. शिबिरात नेमकं उलटं होतं. माणूस शेतातनं सायकल मारत येतो, रांगेत उभा राहतो, बसतो न बसतो तोवर पट्टा चढतो आणि शेजारचा त्याला विचारत असतो, "काय पाव्हणं, पाऊस झाला काय तिकडं?" मापताना बोलायचं नाही. मापणाऱ्यानंही नाही आणि ज्याचं मापतोय त्यानंही नाही.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही वर गुंडाळली की ती दंडाला आवळते, त्यापेक्षा एक हात बाहीतून बाहेर काढायला सांगा. बायकांसाठी आडोसा करा, तिथं बाईच मापायला बसू दे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूला, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतकाच घट्ट. हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकलेला. टेबल बुटकं असेल तर खाली चादर किंवा वह्या ठेवा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा वाढतो.

एकदा मापून सोडायचं नाही. एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा मापा. दोन आकड्यांत दहाच्या वर फरक आला तर तिसऱ्यांदा. सगळे आकडे वहीत लिहा, वेळेसकट. आणि मशिनचे सेल कमी झाले असतील तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. शिबिराला निघताना नवे सेल पिशवीत टाकूनच निघा.

वरचा 140 किंवा खालचा 90, यातला एकही गाठला की दवाखान्याची चिठ्ठी. त्या दिवशी "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणायचं नाही, कारण एका दिवसाच्या मापावर रोग ठरत नाही; वेगळ्या दिवशी परत मापून डॉक्टर ठरवतात. "आज आकडा वर आहे, या आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवा," एवढंच. 180 वर 110 च्या घरात असेल तर त्याच दिवशी. आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतीय, एका बाजूचा हात-पाय गळालाय, बोलणं अडखळतंय, यातलं एकही असेल तर चिठ्ठी-बिठ्ठी राहू दे, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

साखर तपासायची असेल तर सुई टोचणं हे सिस्टर किंवा सीएचओंचंच काम. तुम्ही हात धुवायला लावा, साबणानं, आणि पुसून कोरडे करायला. ही बारीकशी गोष्ट वाटते. पण आपल्याकडं उसाचा भाग, गुऱ्हाळं चालू असतात. बोटाला गुळाचा चिकटपणा राहिला तर मशीन त्या गुळाचीच साखर मोजतं. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. खानापूरच्या पावसात उघड्या डबीतल्या पट्ट्या ओलसरपणानं खराब होतात. प्रत्येकाला नवी सुई, आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात, तो डबा परत दवाखान्यात.

आता चिठ्ठी. इथं आपल्या भागाची खास अडचण येते. जांबोटी, कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीवरल्या आजीला मराठी सोडून दुसरं येत नाही. डॉक्टर नवीन असतील, दक्षिणेकडून आलेले, त्यांना मराठी येत नाही. आजी म्हणते, "जिवाला बरं वाटत न्हाई." यातून डॉक्टरांनी काय समजायचं? म्हणून चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहा: काय होतंय, किती दिवस होतंय, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. कन्नड येणारं कुणी मंडळात असेल तर त्याच्याकडून कन्नडमध्ये लिहून घ्या. आणि हे शब्द सगळ्यांनीच पाठ करा: चक्कर म्हणजे तले सुत्तु, छातीत दुखणं म्हणजे एदे नोवु, खोकला म्हणजे केम्मु, साखरेचा आजार म्हणजे सक्करे कायिले, बीपी म्हणजे रक्तदोत्तड. परत येताना हातात गोळ्या असतात तेव्हा उलट दिशेनं हेच लागतं: बेळिग्गे म्हणजे सकाळी, ऊटक्के मुंचे म्हणजे जेवणाआधी, ऊटद नंतर म्हणजे जेवणानंतर. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळीच्या पाकिटावर पेनानं सूर्य काढा किंवा चंद्र काढा. त्या खुणेवरून गोळी कधीची ते आजीला कळतं.

मग दुसरी फेरी. पंधराव्या दिवशी घरी जायचं, आणि "गोळी घेता काय?" असं विचारायचं नाही. या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. "गोळ्या दाखवा बघू," म्हणा. पाकीट हातात घ्या, किती उरल्यात ते मोजा. महिन्याच्या तीस मिळाल्या, पंधरा दिवस झाले आणि सव्वीस शिल्लक आहेत, तर गाडी कुठं अडलीय ते कळतं. रागावू नका. बहुतेक वेळा कारण एकच असतं, "आता बरं वाटतंय की." बीपी वाढलेला कळतही नाही आणि दुखतही नाही, म्हणून गोळी बंद केल्याचं नुकसान दिसत नाही. हे शांतपणे, दर वेळी, तितक्याच आपुलकीनं सांगावं लागतं. गोळी संपायच्या चार दिवस आधी आठवण केलीत, तर निम्मं काम होतं.

त्याच फेरीत आणखी एक बघा. सीमेवरचा माणूस दोन्हीकडं जातो. इथल्या सरकारी दवाखान्यात दाखवतो, आणि पाव्हण्यांकडं गडहिंग्लजला किंवा चंदगडला गेला की तिथल्याही डॉक्टरांना दाखवून येतो. घरात दोन वेगळ्या नावांची पाकिटं. पाकीट उलटं करा, मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. दोन्हींवर अम्लोडिपिन हे बीपीचं औषधच लिहिलेलं असेल, तर माणूस एकच औषध दुप्पट घेतोय. पाय सुजतात, चक्कर येते. यात तुम्ही कुठली गोळी बंद करा हे सांगायचं नाही. सगळी पाकिटं एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडं पाठवा. जमलं तर सोबत जा.

निपाणीकडं वळूया. विड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित खोकला आहे. "तंबाखूची धूळ जातीय, खोकला यायचाच," असं त्याही म्हणतात, घरचेही म्हणतात. तंबाखूच्या धुळीनं खोकला येतो हे खरं, पण त्याच्याच आड टीबी लपतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं, रात्री घाम, यातलं काहीही असेल तर थुंकीची तपासणी करायचीच.

थुंकी म्हणजे लाळ नव्हे, हे समजावणं हेच निम्मं काम. डबीत पांढरं पातळ पाणी आलं, तर तपासणीत काही सापडत नाही आणि आजारी माणूस "रिपोर्ट चांगला आला" म्हणत परततो. दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथं आणि एक सकाळी उठल्या उठल्या. साध्या पाण्यानं चूळ भरायची, उघड्यावर जायचं, लोकांपासून लांब. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून दाट बेडका डबीत काढायचा, निदान दोन मिलिलिटर. झाकण घट्ट. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल झाली की नमुनेही अदलाबदल होतात.

टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांचा उपचार, सरकारी औषध फुकट. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्याच आठवड्यात लघवी नारिंगी-लाल होते, आणि माणूस "रक्त पडतंय" म्हणून गोळ्या फेकून देतो. हा औषधाचा रंग आहे, आधीच सांगून ठेवा. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याच्या हिशेबानं पैसे खात्यात येतात. पूर्वी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आले नाहीत तर बहुतेक वेळा खातं आधारला जोडलेलं नसतं किंवा नावाचं स्पेलिंग जुळत नसतं. बँकेत सोबत जाणारा एक माणूस मिळाला तर हे सुटतं.

मंडळाला काही द्यायचं असेल, तर 2022 पासून निक्षय मित्र योजना आहे. नोंद करून एका रुग्णाला किमान सहा महिने शिधा द्यायचा. मोठ्या माणसाला महिन्याला तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव लिटर तेल, आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. पण शिधा देतानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. लग्नाची पोर असते, कामावरून काढलं जाईल अशी बाई असते. नाव तुमच्या वहीत आणि आशाताईंच्या वहीत, बस्स.

खानापूरच्या जंगलपट्टीतल्यांसाठी, भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगाव, कृष्णापूरसारख्या गावांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की गाडी गावापर्यंत येत नाही, रोग्याला बांबूला घोंगडी बांधून खांद्यावर आणावं लागतं. तेव्हा गाडी कुठपर्यंत येते ती जागा आधीच ठरवून ठेवा, रेंज कुठं येते ती जागा सगळ्या घरांना माहीत असू दे, आणि महिना भरत आलेल्या बाईला पाऊस धरायच्या आधीच रस्त्याकाठच्या गावात हलवा. दुसरं, 108 कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या तिन्ही राज्यांत आहे. मोबाईलनं पलीकडचा टॉवर पकडला तर फोन महाराष्ट्रात किंवा गोव्यात लागू शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका." मग गाव, मग काय झालंय.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, चावल्याची वेळ लिहा आणि निघा. मांत्रिकाकडं गेलेला तास परत मिळत नाही.

जाता जाता वहीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावर चालतं. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या. प्रत्येक घराला एक पान. वर घरातल्यांची नावं आणि वयं, खाली तारीख, आकडे, काय सांगितलं, आणि उजव्या कडेला एकच रकाना, पुढच्या फेरीची तारीख. तो रकाना रिकामा ठेवून पान उलटायचं नाही.