तू, तुम्ही आणि पाण्याचा तांब्या

(अमळनेरला उन्हाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी सात वेळा ‘आदरणीय’ म्हटलं. मी मोजलं. पण दोन्ही पंखे आमच्या स्टेजकडे आणि तुम्ही सतरंजीवर घामाघूम. एक तरी तिकडे वळवा, मग बोलतो. झालं? बरं.

आपल्या अहिराणीला लोक रांगडी म्हणतात. पुण्याचा एक मित्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी आला होता. माझी काकू त्याला दारातच म्हणाली, ‘ये रे भाऊ, बठ.’ पहिल्याच भेटीत एकेरी! त्याचा चेहरा उतरला. पण तोवर त्याच्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या आला होता, नाव विचारायच्या आधी. नंतर खापरावरचे मांडे, आमरस, आणि तो नको नको म्हणत असताना ताटात पडलेला तिसरा मांडा. निघताना तोही काकूला ‘येतो गं’ म्हणाला. आमची काकू आबांनाही तू म्हणायची, गड्यालाही तू, तहसीलदार आले असते तर त्यांनाही तूच. तिच्या तोंडात माणसं लावायचे दोन कप्पेच नव्हते.

शहरातला ‘तुम्ही’ मला खोटा वाटतो असं नाही. मीही वापरतो. पण तो कुणासाठी राखून ठेवलाय, ते बघा.

याच गावात, प्रताप हायस्कूलमध्ये, १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. ही गोष्ट आपण पोरांना हौसेने सांगतो. याच माणसाने १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ते सांगताना मात्र आपला आवाज जरा खाली येतो. माणसाला देवाच्या दाराबाहेर उभं करणं याहून मोठा उद्धटपणा कोणता? आणि तो अगदी शुद्ध, सोवळ्या मराठीत चालायचा. शिवी द्यावी लागत नव्हती.

आता माझं सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. मे महिना, पारा त्रेचाळीसच्या वर. माझ्या पुढे एक म्हातारे पावरा आदिवासी बाबा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. टेबलामागचा माणूस माझ्या मुलाच्या वयाचा. मान वर न करता म्हणाला, ‘ए, झेरॉक्स कुठंय? सांगितलं होतं ना तुला? हो बाजूला.’ तेवढ्यात फोन वाजला. ‘हो साहेब. बोला ना साहेब.’ एकाच घशातून दोन आवाज, मध्ये श्वास घेण्याएवढंही अंतर नाही. मग माझ्याकडे बघून, ‘या सर, बसा.’

मी बसलो.

पाच मिनिटांत सही-शिक्का झाला. मी त्याला थँक्यूसुद्धा म्हणालो. बाहेर व्हरांड्यात ते बाबा भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, ‘भाऊ, पाणी कुठं आहे?’ मी कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं आणि गाडीकडे चालू लागलो. भरलेली बाटली माझ्या पिशवीत होती.