हिंदी शॉर्ट फिल्म्स आपण एवढ्या का बघतो?

हिंदी शॉर्ट फिल्म्स एवढ्या का चालतात असं विचारलं की हमखास उत्तर येतं, लोकांकडे वेळ कुठे आहे हो. मला हे अजिबात पटत नाही. तेच लोक वेब सिरीजचे आठ-आठ एपिसोड एका रात्रीत संपवतात, मग वेळेचा प्रश्न आला कुठे? मला वाटतं खरी गंमत ही आहे की शॉर्ट फिल्म एका कृतीवर संपू शकते, पुढे त्या माणसाचं काय झालं हे दाखवायचं ओझंच तिच्यावर नसतं.

नीरज घेवानची २०१७ सालची 'जूस' घ्या. साधारण पंधरा मिनिटांची आहे, शेफाली शाह आहे त्यात. घरी मंडळी जमलीयेत, पुरुष बाहेरच्या खोलीत कूलरसमोर गप्पा हाणत बसलेत आणि बायका आत स्वयंपाकघरात घामाघूम, उकाडा नुसता पडद्यावरून अंगावर येतो. त्यातच कामवालीचा चहा स्टीलच्या ग्लासात वेगळा दिला जातो, म्हणजे ज्या बायकांना घरात आत ढकललंय त्यांच्याही खाली आणखी एक पायरी आहे, आणि हे दाखवून कॅमेरा सरळ पुढे जातो, कोणी भाषण ठोकत नाही. शेवटी मंजू, म्हणजे शेफाली शाह, फ्रीजमधला जूस ग्लासात ओतते, खुर्ची घेऊन बाहेर येते आणि पुरुषांच्या बैठकीत थेट कूलरसमोर बसते. जूस पिते आणि नवऱ्याकडे बघत राहते. बास. एक शब्द बोलत नाही ती! आता हाच सीन अडीच तासांच्या पिक्चरमध्ये असता तर तो इंटरव्हलला आला असता, आणि मग नवरा सुधारला की ही घर सोडून गेली, काहीतरी एक सांगावंच लागलं असतं. इथे ते आपल्यावर सोडलंय, म्हणून तर फिल्म संपली तरी ती नजर डोक्यातून जात नाही.

दुसरं म्हणजे अ‍ॅक्टर लोकांना इथे काय काय करायला मिळतं बघा. देवाशीष मखीजाच्या 'तांडव'मध्ये मनोज वाजपेयी सगळीकडून पिचलेला एक पोलीस हवालदार आहे आणि एका क्षणी तो अक्षरशः नाचायला लागतो. 'चटनी'मधली टिस्का चोप्रा तर ओळखूच येत नाही, समोरच्या बाईला भजी-चटणी खायला घालत शांतपणे एक गोष्ट सांगत बसते आणि ऐकता ऐकता आपल्याला घाम फुटतो. निर्मितीही तिचीच होती. २०१७ च्या फिल्मफेअरमध्ये शॉर्ट फिल्मसाठीची अभिनयाची बक्षिसं याच दोघांना मिळाली, आणि मखीजा-वाजपेयी जोडीनं पुढे 'भोसले' केला ज्यासाठी वाजपेयींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे शॉर्ट फिल्म म्हणजे नवख्यांची प्रॅक्टिस असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

पैशांचं गणितही वेगळं आहे. यातल्या बऱ्याच फिल्म्स यूट्यूबवर फुकट आहेत, काहींच्या मागे दारूच्या ब्रँडचं नाव आहे, आणि ब्रँडचा हेतू जाहिरातीचा असतो हे आपल्याला कळतं, पण पहिल्या शुक्रवारच्या गल्ल्याची धास्ती नसल्यामुळे दिग्दर्शकाला गाणं घुसडावं लागत नाही की हिरोला जिंकवावं लागत नाही, हा फायदा मला फार मोठा वाटतो.

आता तक्रार. हल्ली बऱ्याच फिल्म्समध्ये शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात संदेश येतो, देशात इतक्या बायकांवर अत्याचार होतात, चला आवाज उठवूया वगैरे. विषय खरा असतो, तळमळही खरी असते, पण दहा मिनिटं जे डोळ्यांनी बघून कळलं तेच परत वाचून दाखवल्यावर त्यातली धारच जाते. शेवटाला नुसता धक्का द्यायचा म्हणून ट्विस्ट टाकणाऱ्यांचंही तेच, एकदा बघितली की दुसऱ्यांदा बघायला काही उरतच नाही. 'जूस' मी अजूनही मधूनमधून लावतो, शेवट पाठ असूनही, आणि दर वेळी त्या स्वयंपाकघरात आधी न दिसलेलं काहीतरी सापडतं.