हात ऐकेनासा होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. अमळनेरकडचे माझे मामा परवा म्हणाले, "मन्हा हात मन्हं ऐकत नही." बशीतला चहा सांडतो, सदऱ्याचं बटण लागत नाही. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन. कुणीतरी त्यांना जाहिरात दाखवली: स्टेम सेलचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं, इंजेक्शन; हमखास गुण. मामा दोन बिघे विकायला निघाले! म्हणून आज हा विषय घेतला.

मेंदूच्या देठात वरच्या बाजूला एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्यावर आपली हालचाल चालते. त्यातल्या निम्म्याच्या आसपास मरून जातात, तेव्हा कुठे हात कापू लागतो. गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

मग नव्या लावता येतील? आपल्याकडचं केळीचं टिश्यूचं रोप आठवा. लॅबमध्ये आधी फुटव्यांसाठी एक संप्रेरक, मग मुळ्यांसाठी दुसरं. पेशीचंही तसंच. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन तिला सांगतं, ज्या नळीतून मेंदू घडतो, तिच्या तळाची तू. 'विंट' हे दुसरं प्रथिन सांगतं, तू मध्यमेंदूची. विंटची मात्रा थोडी इकडेतिकडे झाली, की पेशी मेंदूच्या भलत्याच भागाची होते. पुढे 'नर-वन' (Nurr1) नावाचं जनुक जागं होतं आणि डोपामिन बनू लागतं. हाच क्रम शास्त्रज्ञ काचेच्या बशीत जसाच्या तसा घडवून आणतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी मूळ अवस्थेत परत नेल्या. माणसाच्या अशाच पेशींपासून घडवलेल्या डोपामिनच्या पेशी क्योटोतल्या डॉक्टरांनी कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत सोडल्या. 2025 मध्ये निष्कर्ष आले: दोन वर्षांत गाठ कुणालाच झाली नाही, तपासलेल्या सहांपैकी चौघांची हालचाल सुधारली. रुग्ण थोडे आहेत, पण आशा खरी आहे.

मात्र त्या पेशी कवटीला छिद्र पाडून, नेमक्या जागी सोडल्या होत्या. दंडात किंवा शिरेत टोचून हे होत नाही. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांनुसार कंपवातावर स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

मामांनी जमीन विकली नाही. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी ते डाळ-भाताबरोबर घ्यायचे. डाळीतली प्रथिनं तिला अडवतात. आता डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास घेतात. सकाळचं बटण स्वतः लावतात.