आर्थरचं गोलमेज

(दृश्य : विंचेस्टरचा ग्रेट हॉल. भिंतीवरचं मेज.)

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या या जुन्या दरबारात भिंतीवर एक ओकचं गोल मेज टांगलं आहे. व्यास साडेपाच मीटर, वजन सुमारे 1200 किलो. कडेनं 24 सरदारांची नावं, आणि वरच्या बाजूला ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर. मेज 13व्या शतकातलं, रंग आठव्या हेन्रीच्या काळातला. आर्थर खरोखर होऊन गेला, याचा ठोस पुरावा नाही. तरी खऱ्या राजांना त्याच्यासारखं व्हावंसं वाटलं. तिसऱ्या एडवर्डनं 1344 मध्ये विंडसरला गोलमेज उभारण्याची शपथच घेतली होती.

(दृश्य : मेजवानीची जुनी चित्रं.)

कथेतलं गोलमेज जन्मलं ते भांडणातून. इसवी सन 1200च्या सुमारास लायामन नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं ती हकिकत लिहिली. नाताळची मेजवानी. वरच्या जागेवर कोण बसणार, यावरून वाद पेटला. आधी पाव भिरकावले गेले, मग दारूनं भरलेली भांडी, मग हातघाई, मग सुऱ्या. दरबारात रक्त सांडलं. पुढे कॉर्नवॉलमध्ये एक सुतार राजाला म्हणाला, 1600 हून जास्त माणसं बसतील असं मेज करून देतो. तिथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मानपानावरून पंगत उठलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला या सुताराचं मोल लगेच कळेल.

पण एका मेजाभोवती बसवलं म्हणून माणसं एकजीव होत नाहीत. म्हणून दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला हे नाइट, म्हणजे आर्थरचे सरदार, शपथ घेत : खून नाही, फितुरी नाही, शरण आलेल्याला अभय, स्त्रियांना आधार, धनासाठी अन्यायाची लढाई नाही. राजाची इभ्रत या शपथेवर उभी होती. एकानं ती मोडली, तर डाग आर्थरच्या नावाला लागणार होता.

(दृश्य : बर्फाळ रान, हिरवा घोडेस्वार.)

14व्या शतकातल्या एका कथेत नववर्षाच्या दिवशी एक हिरवा योद्धा घोड्यासकट दरबारात शिरतो. माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षानं तोच घाव माझ्याकडून झेला. सगळे गप्प. हाच का तो आर्थरचा दरबार, असं म्हणून तो हसतो. राजाचा चेहरा शरमेनं लाल होतो, तो स्वतः कुऱ्हाड हाती घेतो. तेव्हा त्याचा भाचा गवेन उठतो. मी इथला सर्वांत दुबळा, माझा जीव गेला तर फारसं बिघडत नाही, हे काम मला द्या. इतकं नम्र शौर्य मी क्वचितच वाचलं आहे.

(दृश्य : ज्वाळा. मग वेढा पडलेला किल्ला.)

हाच गवेन पुढे सूडानं पेटला. आर्थरची राणी गिनिव्हिअर आणि त्याचा सर्वांत शूर नाइट लान्सलॉट यांचं प्रेम उघड झालं आणि राणीला जाळण्याची शिक्षा झाली. लान्सलॉटनं तिला सोडवलं. पण त्या गर्दीत गवेनचे निःशस्त्र भाऊ गॅरेथ आणि गॅहेरिस लान्सलॉटच्या हातून मारले गेले. त्यानं त्यांना ओळखलंही नव्हतं. गॅरेथला तर नाइट केलं होतं लान्सलॉटनंच. 15व्या शतकात ही कथा सांगताना इंग्रज लेखक मॅलरीनं आर्थरचं दुःख स्पष्ट लिहिलं आहे : राणी गेल्यापेक्षा त्याला आपले सरदार गेल्याचं दुःख जास्त. असे सोबती पुन्हा एकत्र येणार नाहीत, हे त्याला कळलं होतं. राणीच्या बाजूनं पाहिलं तर हे क्रूर आहे, यात शंका नाही.

मग युद्ध. एका लढाईत आर्थर घोड्यावरून खाली पडतो, लान्सलॉटचा नातलग बोर्स तलवार उपसतो. लान्सलॉट त्याला अडवतो, स्वतः खाली उतरतो आणि ज्या राजाशी लढतोय त्यालाच हात देऊन घोड्यावर बसवतो. आर्थरच्या डोळ्यांत पाणी येतं. दोघांनाही लढाई नको होती; गवेनचा हट्ट मात्र सुटत नव्हता. राजा लान्सलॉटच्या मागे समुद्रापार गेला आणि इकडे त्याच्याच मुलानं, मॉर्ड्रेडनं, गादी बळकावली.

(दृश्य : सॅलिसबरीचं माळरान.)

शेवटच्या लढाईत मॉर्ड्रेड मेला. आर्थर मरणाच्या दारात, आणि जवळ उरला एकटा नाइट बेडिवेअर. राजानं त्याला आपली तलवार, एक्सकॅलिबर, पाण्यात टाकायला सांगितलं. तिच्या रत्नजडित मुठीचा मोह पडून तो, टाकली, असं दोनदा खोटं बोलला. तिसऱ्यांदा त्यानं आज्ञा पाळली, मग राजाला पाठीवर घेऊन पाण्याकाठी आणलं. राजाला घेऊन नाव निघाली तेव्हा बेडिवेअरनं विचारलं, आता माझं काय होणार? आर्थरनं सांगितलं : जमेल तसं सांभाळ, माझ्यावर भरवसा ठेवावा असं आता माझ्यात काही उरलेलं नाही.